डोक्याच्या चार बोटं वर

मन्मथअप्पा समोरच्या माणसाशी बोलताना त्याच्या डोळ्यांत बघत नाहीत. ते त्याच्या डोक्याच्या चार बोटं वर बघतात. नवख्या माणसाला वाटतं, वर पाल आहे आणि ती आता पडणार. बँकेत बदलून आलेले नवे साहेब एकदा अप्पांच्या दुकानात कुलूप घ्यायला आले. अप्पांनी त्यांच्या टाळूच्या वर नजर लावली आणि म्हणाले, "साहेब, सकाळपासून पोटात काय गेलेलं न्हाई वाटतं तुमच्या." साहेबांनी दोनदा छताकडे बघितलं, केसांवरून हात फिरवला आणि कुलूप न घेताच निघून गेले. पण अप्पा बोलले ते खोटं नव्हतं. थोड्याच वेळात मला ते स्टँडसमोरच्या हॉटेलात दिसले, पुढ्यात भज्यांची प्लेट होती आणि मान खाली होती.

"परत्येकाच्या डोक्यावर एक पट्टी असती, मास्तर," अप्पांनी मला समजावलं. "हिरवीगार भरलेली असली तर माणूस ठीक. उतरली की समजायचं, गडी बेजार हाय. दिसत न्हाई म्हणून काय झालं, असतीच."

मी केजच्या ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. माझी आणि अप्पांची भिंत एक. त्यांचं पुढे दुकान, मागे घर. दुकानात दोरखंड, ताडपत्री, घमेली, बादल्या, कुलपं, असा सगळा टणक माल. स्वतः अप्पा सत्तरीला टेकलेले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, डोक्यावर पांढरी टोपी. असा माणूस लोकांच्या डोक्यावर हिरव्या पट्ट्या शोधत फिरतो याला कारण आहे त्यांच्या मोबाइलमधली लढाई.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विमानातून पुष्कळ माणसं एका बेटावर उड्या मारतात, तिथल्या रिकाम्या घरांतून बंदुका, औषधं, हेल्मेटं गोळा करतात आणि एकमेकांना टिपतात. चौघांची एक टोळी असते. शेवटी जी टोळी उरेल ती जिंकली. आपल्या टोळीतल्या माणसाच्या डोक्यावर त्याचं नाव आणि त्याच्या जिवाची पट्टी तरंगत असते. गोळी लागली की पट्टी उतरते. खेळ एवढाच आहे.

अप्पांना मारामारीची हौस होती म्हणावं, तर दुकानात उंदीर निघाला तरी ते त्याला पिंजऱ्यात धरून शिवारात सोडून येतात. ते या लढाईत पडले ते लेकीपायी.

गौरी त्यांची एकुलती एक. केजला शिकली, मग अंबाजोगाईला, मग पुण्याला, आणि आता नवऱ्याबरोबर कॅनडात असते. तिचा फोन आला की अप्पा उचलायचे. "बरी हायस का?" ती म्हणायची, "बरी हाय." की लगेच अप्पा, "घे, आईशी बोल," म्हणून फोन महानंदाकाकूंच्या हातात द्यायचे. मग काकू तासभर बोलायच्या आणि अप्पा शेजारी बसून ऐकायचे. मधेच काकूंना सांगायचे, "तिला म्हणावं, सवेटर घालत जा." काकू ते पुढे पोचवायच्या. पलीकडून आलेलं उत्तर काकू अलीकडे पोचवायच्या. बापलेकीचा सगळा व्यवहार असा काकूंच्या मार्फत चालायचा आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. आपल्याकडे बहुतेक घरांत असंच चालतं, माझ्याही घरात.

काकू तापाचं निमित्त होऊन दोन दिवसांत गेल्या. गौरी विमानं बदलत बदलत पोचली तेव्हा त्यांच्या रीतीप्रमाणे काकूंना शेतात समाधी देऊन झालेली होती. आभाळ भरून आलेलं, लोकांनी घाई केली, आणि अप्पा त्या दिवशी कुणाला थांबा म्हणण्याच्या अवस्थेत नव्हते. गौरी आईचं शेवटचं दर्शन घेऊ शकली नाही. त्यावर ती बापाला काही बोलली नाही. अप्पाही तिला काही बोलले नाहीत. थोडे दिवस राहून ती परत गेली.

त्यानंतर तिचे फोन यायचे आणि एस.टी. थांब्यावर थांबते तेवढ्यात संपायचे. "बरी हायस का?" "बरी हाय. तुमी?" "बरा हाय." मग अप्पा सवयीने फोन कानापासून काढायचे आणि आजूबाजूला बघायचे. द्यायचा कुणाला? एकदा तर त्यांनी तो माझ्याच हातात दिला. मी आणि गौरी बराच वेळ कॅनडातल्या हवामानावर बोललो. विषय माझा असल्यामुळे बोलणं चांगलं रंगलं, पण अप्पा तोपर्यंत उठून गोदामात जाऊन उगाच दोरखंडाची बंडलं हलवत बसले होते.

लढाईची युक्ती जावयाची. नितीन लातूरचा, समजूतदार पोरगा. तो आणि गौरी शनिवारी रात्री हा खेळ खेळत. तिकडची शनिवारची रात्र म्हणजे आपल्याकडची रविवारची सकाळ. खेळताना सगळ्यांना एकमेकांशी बोलता येतं. नितीन म्हणाला, अप्पांना घेऊ आपल्यात, हाताला काम असलं की माणसं बोलतात. अप्पांनी नवा मोबाइल घेतला, पूजा आटोपली, दुकानाच्या ओट्यावर मांडी घातली आणि बेटावर उतरले. कानात घालायचं यंत्र त्यांच्या चष्म्याच्या काडीला घासतं, म्हणून ते फोनचा आवाज मोठा ठेवतात. त्यामुळे ही लढाई मी चहाचा कप हातात घेऊन पहिल्यापासून ऐकलेली आहे.

पहिले काही रविवार नुसता गोंधळ होता. अप्पांच्या दृष्टीने टोळीत साक्षात जावई होता आणि जावयाचा मान मोठा. विमानातून उडी मारायची वेळ आली की हे म्हणायचे, "जावईबापू, आधी तुमी." नितीन उतरायचा आणि हे संकोचाने इतके मागे राहायचे, की बेटाच्या दुसऱ्या टोकाला पडायचे. चांगलं हेल्मेट सापडलं की ते डोक्यावर न घालता धावत नितीनकडे न्यायचे आणि त्याच्या पायापाशी ठेवायचे. "घ्या, आमच्याकडून आहेर समजा." स्वतः उघड्या डोक्याने हिंडायचे. एकदा एका घराच्या दारात नितीन आणि अप्पा "तुम्ही चला, तुम्ही चला" करत उभे राहिले आणि शत्रूने दोघांनाही उंबऱ्यावर गाठलं.

ते सोडा, ते निभावून गेलं असतं. खरी अडचण वेगळी होती. अप्पांना काही दिसतच नसे. गौरी ओरडायची, "अप्पा, तुमची पट्टी संपत आली, दवा घ्या." अप्पा विचारायचे, "कुठली पट्टी?" "अप्पा, डावीकडं माणूस हाय, नकाशात दिसायलाय." "कुठला नकाशा?" तोवर ते आडवे झालेले असायचे. पडलेल्याला टोळीतल्या दुसऱ्याने जवळ जाऊन उठवता येतं. गौरी दर वेळी धावत यायची, बापाला उठवायची, आणि त्यात कधीकधी स्वतः मरायची.

एका रविवारी खेळ संपल्यावर ती जरा थांबून म्हणाली, "अप्पा, नितीनच्या हापिसातले दोघं फुडच्या महिन्यापासनं खेळायला येतो म्हणायलेत. टोळीत चारच माणसं असत्यात. तुमाला एवढ्या गडबडीत काय दिसत न्हाई, उगं तरास होतो. आपण काय, फोनवर बोलूच की."

अप्पा "हाव, बोलूच की" म्हणाले आणि फोन बंद केला. फोनवर ते कसं बोलतात हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. थोड्या वेळाने ते माझ्या दारात उभे राहिले. "मास्तर, मला कावून दिसत न्हाई?"

दुसऱ्याच दिवशी ते अंबाजोगाईला जाऊन डोळे तपासून आले. डॉक्टरांनी डोळे उत्तम असल्याचं सांगितलं. अप्पांना याचा आनंद व्हायच्या ऐवजी राग आला. मोतीबिंदू निघाला असता तर काढून टाकता आला असता.

दोष काय तो माझ्या बायकोच्या ध्यानात आला. काही काम काढून ती सकाळी त्यांच्याकडे गेली होती. परत येऊन मला म्हणाली, "अहो, ते खेळायला बसतात कसे आणि पूजेला बसतात कसे, ते बघितलंत का?"

अप्पा रोज स्नान करून डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन बसतात. नजर एका जागी. दारात गिऱ्हाईक हाका मारो की रस्त्यावर ट्रकांची टक्कर होवो, पापणी हलत नाही. लहानपणापासूनची तालीम आहे. मोबाइलही डाव्याच तळहातावर आला आणि अप्पांनी तीच मांडी घातली, तीच नजर लावली, बरोबर मधोमध. आता त्या खेळात पडद्याच्या मधोमध असतं नुसतं गवत. जे काही कळायला हवं ते सगळं कडेला आणि कोपऱ्यांत मांडलेलं असतं. अप्पा एकाग्र चित्ताने गवत बघत होते आणि त्यांचा जीव कोपऱ्यातून जात होता.

मी हे त्यांना जरा भीतभीतच सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. "म्हंजी डोळ्यात खोट न्हाई. सवय हाय," ते म्हणाले. मग विचार करून, "ती सवय मोडायची न्हाई, मास्तर. पूजेला मधी बघायचं, लढाईला कडंनं बघायचं. तुमी भूगोलाचे. तो कोपऱ्यातला नकाशा तेवढा शिकवा."

आता माझ्या हाताखालून गेलेली पोरं नकाशा बघितला की जांभया देतात. नकाशा शिकवा म्हणून कुणी आपण होऊन दारात आल्याचा हा पहिलाच प्रसंग. मी कॉलेजातला खडू आणला आणि दुकानाच्या उघड्या दाराच्या फळीवर मोबाइलचा पडदा काढला, चांगला दोन हात लांब. चार कोपरे पाडले, खाली पट्टी, वर पट्टी, उजवीकडे नकाशाचा चौकोन. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईकं विचारायला लागली, "अप्पा, प्लॉटिंग काढलं का काय? कोपऱ्याचा काय भाव?" केजमध्ये चौकोन काढला की त्याला दुसरा अर्थ नसतो. अप्पा सांगायचे, "कोपरे सगळे गेले. मधलंच ऱ्हायलंय, आन ते काय कामाचं न्हाई."

इंग्रजी नावं त्यांच्या तोंडात बसेनात, म्हणून त्यांनी प्रत्येक खुणेचं बारसं केलं. खाली मधोमध असते ती आपल्या जिवाची पट्टी, ती झाली धुगधुगी. बंदुकीशेजारी दोन आकडे असतात, एक बंदुकीत भरलेल्या गोळ्यांचा आणि दुसरा पिशवीतल्या साठ्याचा. मी हे तीन प्रकारे समजावून सांगितलं. अप्पा म्हणाले, "सरळ सांगा की, एक दुकानातला माल आन एक गोदामातला." वरच्या बाजूला दिशा सरकत असतात, ती दिशापट्टी. कुणी जवळ चालत असेल तर नकाशात पावलांची खूण उमटते, ती चाहूल. बेटाभोवती एक कडं असतं आणि ते हळूहळू आवळत येतं. त्याच्या बाहेर राहिलात तर आपोआप जीव जायला लागतो. त्या कड्याला अप्पा शीव म्हणतात. किती जण जिवंत उरले तो आकडा झाला हयात.

आणि एका कडेला, कुणी कुणाला मारलं त्याची नावं सरकत जातात. ते अप्पांचं निधनवार्तेचं पान. वर्तमानपत्रात जसे ते सगळ्यात आधी ते पान उघडतात, तसे इथेही पहिल्यांदा तिकडेच बघत. नाव सरकलं की "अरेरे" म्हणत. ते वाईट वाटणं खोटं नसे. एकदा मला विचारलं, "मास्तर, हा बिचारा कुठला आसंल?" मी म्हणालो, "अप्पा, त्याला तुम्हीच मारलंय. खाली तुमचं नाव आहे." त्या दिवशी त्यांनी पुढे खेळायला नकार दिला.

तालीम मात्र त्यांनी जिद्दीने केली. मोबाइलवर रोज जमत नसे म्हणून ते सरावासाठी गावच वापरायला लागले. धारूरला एका लग्नाला आम्ही जीपने गेलो. अप्पा पुढे बसले आणि घाट सुरू झाल्यापासून ड्रायव्हरला खबरा देऊ लागले. "डाव्या अंगाला चाहूल हाय." ड्रायव्हर म्हणाला, "अप्पा, म्हैस हाय ती." अप्पा म्हणाले, "म्हैस बी खेळातच हाय." पुढच्याच वळणावर ती म्हैस रस्त्यावर आली आणि ड्रायव्हरने ब्रेक दाबला. मग मात्र तो परतीच्या वाटेवर स्वतःच विचारायला लागला, "अप्पा, फुडं काय दिसायलंय?"

मंगल कार्यालयात शिरताना अप्पा दारातच थांबले. मागे वऱ्हाडी तुंबले. अप्पांनी चारही कोपरे वाचले आणि मला हळूच सांगितलं, "पूर्वेला पंगत. पंखा उत्तरंला. रुसलेलं पाव्हणं दक्षिणेला बसलंय, तिकडं जायाचं न्हाई." मी भूगोलाचा माणूस असून लग्नात इतक्या अचूक दिशा मला कधी सापडल्या नव्हत्या. त्यांच्या मागे मागे राहून मी व्यवस्थित जेवलो.

डोक्याच्या वर बघण्याची खोड या काळातली. गौरीची आणि जावयाची पट्टी चटकन टिपता यावी म्हणून त्यांनी ती लावून घेतली, आणि ती अशी जडली की सुटता सुटेना. माझं घरी वाजलं, की सकाळी ओट्यावरून आवाज येई, "मास्तर, निम्म्यावर आलाय. आज जावा आन तिला गोड बोला." मी म्हणायचो, काही झालेलं नाही. आतून बायको म्हणायची, झालंय, झालंय.

शेवटी तो रविवार आला. हापिसातले दोघं पुढच्या वेळेपासून येणार होते. अप्पा पूजा करून ओट्यावर बसले. मी चहा घेऊन शेजारी. त्या दिवशी त्यांनी एक गोळी झाडली नाही. झाडामागे बसले आणि बोलत राहिले. "जावईबापू, तुमची धुगधुगी उतरली, दवा घ्या. गौरे, उजव्या अंगाला चाहूल, दोघं हायत, बसून घे. शीव आवळायली, निघा आता, ईशान्येकडनं." पलीकडची दोघं आधी चकित झाली, मग निमूटपणे ऐकायला लागली. शेवटच्या टोळीने त्यांना गाठलं तोपर्यंत ते दुसऱ्या नंबरपर्यंत पोचले होते. नितीन म्हणाला, "अप्पा, तुमची जागा कुठे जात नाही. हापिसातला एकच जण येईल." अप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि परत घातली. त्या दिवशी त्यांनी ओट्यावर बसलेल्या आणि रस्त्याने जाणाऱ्या ओळखीच्या प्रत्येकाला चहा पाजला.

मग किती रविवार झाले. बापलेक तासतासभर बोलू लागली. "डावीकडं बघ ग." "बघितलं, अप्पा." "दवा हाय का?" "हाय, तुमी घ्या." "न्हाई, तू घे, मी बरा हाय." मी ऐकत असायचो. मला बरंही वाटायचं आणि वाईटही वाटायचं, कारण एवढ्या बोलण्यात महानंदाकाकूंचं नाव एकदाही निघालं नाही. त्या शेतातल्या दिवसाविषयी दोघंही अवाक्षर काढत नव्हती.

यंदा दिवाळी झाल्यावर गौरी आली. नितीनला रजा नव्हती, ती एकटीच. मला वाटलं होतं, आता ओट्यावर गप्पांचा फड जमेल. कसलं काय. घर होतं तसंच शांत. ती स्वयंपाकघरात, अप्पा दुकानात. "जेवायला वाढलंय." "आलो." एकदा दोघं समाधीवर गेली. माझी बायको त्यांच्याबरोबर होती. तिने सांगितलं, जाताना आणि येताना दोघांपैकी कुणी तोंड उघडलं नाही, आणि मधे बसून तिलाच पाऊसपाण्यावर बोलावं लागलं.

अप्पा रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहायचे. गौरी पाठमोरी असायची. ते तिच्या डोक्याच्या वर बघायचे आणि परत यायचे. मी एकदा विचारलं, "काय दिसतंय?"

"लई खाली हाय, मास्तर."

"मग बोला की तिच्याशी. समोर तर आहे."

"समोर हाय, हेच की," अप्पा म्हणाले. "तोंडाकडं बघितलं की शबूद फुटत न्हाई. तिची आई असती म्हंजी तिला म्हणलो असतो, इचार म्हणून."

ती जायच्या आधीचा रविवार. सकाळी मी नेहमीप्रमाणे चहा घेऊन ओट्यावर गेलो. अप्पांची पूजा झाली होती. त्यांनी सवयीने मोबाइल काढला आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की जिच्याशी खेळायचं ती तर आतच आहे. ते मोबाइल परत खिशात ठेवणार तेवढ्यात पडद्यावर गौरीचं बोलावणं आलं. ती आतल्या खोलीत मोबाइल घेऊन बसली होती. नितीन कामावर अडकला होता आणि हापिसातल्या त्या पोराला आज बोलावलेलं नव्हतं. दोघंच.

"येता का, अप्पा?" हे आधी खिडकीतून ऐकू आलं आणि पाठोपाठ फोनमधून.

"आलो," अप्पा म्हणाले.

दोघं बेटाच्या एका टोकाला उतरली, पाण्याजवळ, जिथे कुणी फिरकत नाही. तिथे एक पडकी झोपडी होती. अप्पा कोपरे वाचायला लागले. "चाहूल न्हाई. शीव लांब हाय, पर आपल्या बाजूनं आवळंल. बंदुका बघायला पायजेत."

"नको," गौरी म्हणाली. "आज कुणाला मारायचं न्हाई. हितंच थांबू जरा."

"थांबू."

पडद्यावर दोघं झोपडीला टेकून उभी होती, दोघांच्या डोक्यावर हिरव्या पट्ट्या. समुद्राचा आवाज येत होता. मी उठावं की बसावं, मला कळेना. मग खिडकीतून आवाज आला, आणि त्याच्या मागून फोनमधून.

"अप्पा, आईला कुठली साडी नेसवली होती?"

अप्पांचा अंगठा पडद्यावरच थांबला.

"तुझीच," ते म्हणाले. "तू पहिल्या पगारात घेतलेली. अंजिरी. तिनं घडी मोडली न्हवती. गौरीच्या बाळाच्या बारशाला नेसीन म्हणायची. लोक म्हणायले, एवढी भारी कशाला, घरातली घ्या. मी म्हणलं, न्हाई, हीच."

"मला वाटायचं, घाईत हाताला लागंल ती नेसवली आसंल."

"न्हाई ग बाई. मीच काढली कपाटातनं."

अप्पा पडद्याकडे बघत होते, पण कोपऱ्यांत बघत नव्हते. मधोमधही बघत नव्हते. नकाशातलं कडं सरकत सरकत झोपडीपर्यंत आलं आणि दोघांना मागे टाकून पुढे गेलं. दोघांच्या पट्ट्या थोड्या थोड्या उतरायला लागल्या. मला ते दिसलं. माझा हात अप्पांच्या दंडाकडे गेला, आणि मी तो मागे घेतला.

"तुझ्यासाठी थांबायला पायजे होतं," अप्पा म्हणाले. "आभाळ भरून आलतं. लोक म्हणले चला, आन मी उठलो. कावून उठलो, ते मला अजून कळंना. रोज इचारतो सोताला. तू येयालीस हे ठावं होतं मला. तुझी आई तर तुझी वाट बघत गेली."

पट्ट्या निम्म्यावर आल्या, मग लाल झाल्या. अप्पांच्या हनुवटीखालची कातडी हलत होती.

"मी तुमच्यावर चिडलेली न्हाई, अप्पा," गौरीचा आवाज आला. "मीच लांब व्हते. त्याचा राग हाय मला. तुमचा न्हाई. तुमी एकटे पडलते."

"लई," अप्पा म्हणाले. "लई एकटा पडलतो ग."

आधी एक पट्टी संपली, मग दुसरी. पडदा करडा झाला आणि त्यावर खेळ संपल्याची अक्षरं आली. अप्पांनी ती वाचली नाहीत. उपरण्याच्या टोकाने त्यांनी चष्म्याच्या आतून डोळे पुसले. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"अप्पा, आत या," गौरीने हाक मारली. या वेळी ती फक्त खिडकीतून आली.

अप्पा उठले. मोबाइल ओट्यावरच राहिला. दारात क्षणभर थांबले, पण तिथून कुठेच न बघता सरळ आत गेले.

मी घरी आलो. बायको मिक्सर लावून उभी होती. "आज लवकर संपला खेळ?" तिने विचारलं.

"संपला. आत बसून बोलतायत."

तिने मिक्सर बंद केला. आम्ही दोघंही तिथेच उभे राहिलो. भिंतीपलीकडचे शब्द कळत नव्हते, पण आवाज दोघांचेही येत होते.